मामांची साक्ष

शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी साक्षी होतात. कुणाचा ताप उतरतो, कुणाला रांजणगावला नोकरी लागते. लोक उठून प्रभूचा चमत्कार सांगतात. वेल्डर मामा मात्र मान खाली घालून बसायचे. मामी पाच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, चमत्कार मानत नाही, हे मामांनाही तोंडावर सांगितलंय. "शिकलेली पोर तू," म्हणून ते हसायचे.

परवा मामा उठले. मामी चालायला लागल्या असं वाटून कुणीतरी घाईनं "हालेलुया!" म्हणालं.

"न्हाई वो, तशीच हाय ती," मामा म्हणाले. "पन रोज सकाळी चहा नेताना वाटतं, आज उठून बसली आसंल. अजून रोज वाटतं. एवढंच सांगायचं व्हतं."

पाळक पुढच्या गीताकडे वळले. "आमेन," मी म्हटलं.