लतीफमामांची क्रेन आणि माझी एक ओळ

"मॅडम, म्या गरोदर हाय म्हनं!"

गायकवाड मिस्त्री पाळीची स्लिप नाचवत थेट कम्प्युटर रूममध्ये शिरले. वेल्डिंग शॉपचे, पन्नाशीचे, छातीपर्यंत दाढी. स्लिपवर छापलं होतं, 'गरोदर. जड काम देऊ नये.' त्यांच्यामागे निम्मं शॉप दात काढत उभं. मीही हसले. मग यादीत त्यांच्या वरचं नाव पाहिलं. पॅकिंगमधली सुनंदा. तिला खरंच सातवा महिना होता. माझं हसू तिथंच आटलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात मी प्रोग्रामर होते. पाळ्यांच्या याद्या पुण्याच्या हेड ऑफिसातल्या मेनफ्रेमवर निघायच्या. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढा जुना, दणकट कम्प्युटर. त्यावरचा प्रोग्राम कोबोल भाषेतला, जवळजवळ माझ्याच वयाचा. दर महिन्याला काही कामगारांची तपासणी व्हायची आणि निकाल मात्र कारखान्यातल्या दवाखान्याच्या नव्याकोऱ्या कम्प्युटरवर असायचे. या दोघांची गाठ मी घालून दिली. माझा म्हातारा प्रोग्राम एकेका कामगाराचा टोकन नंबर पाठवून विचारायचा, 'हा माणूस फिट आहे का?' तिकडून उत्तर यायचं, 'फिट' किंवा डॉक्टरांचा शेरा. या विचारण्याला वेब सर्व्हिस कॉल म्हणतात.

पण हायवेला कुणी खोदकाम काढलं की पुण्याची लाइन डळमळायची. काही सेकंदांत उत्तर आलं नाही तर प्रोग्राम एरर देऊन थांबायचा, यादी अडायची आणि अख्खी पाळी गेटवर ताटकळायची.

"मॅडम, मला हा एरर परत दिसता कामा नये," साहेब म्हणाले.

मी एररच्या जागी एक ओळ लिहिली, 'कंटिन्यू'. म्हणजे काही करू नकोस, पुढं चल. एरर गायब! साहेबांनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली. मी दिवसभर हवेत.

डोंबलाची शाबासकी! उत्तर ठेवायची जागा मी पुसलीच नव्हती. नवं उत्तर आलं नाही की तिथं आधीच्या माणसाचंच पडलेलं असायचं, आणि प्रोग्राम तेच पुढच्याच्या नावावर चढवायचा. पंगतीत एकाचं उष्टं ताट दुसऱ्यापुढं सरकवावं, तसं. मला हे कळत नव्हतं असं नाही. लिहितानाच मनात आलं होतं. नंतर बघू म्हटलं.

गायकवाड गेल्यावर मी मागचे लॉग काढले. लॉग म्हणजे प्रोग्रामची रोजनिशी. दोन महिन्यांपूर्वीच्या पानावर माझं बोट थांबलं. टोकन चारशे बारा, उत्तर नाही. त्याच्या आधीच्या माणसाचा शेरा, 'नजर अधू.' चारशे बारा म्हणजे लतीफमामा.

मामा आमच्या तळेगाव ढमढेऱ्याचे. रोज सकाळी जीपमध्ये रुमाल टाकून माझी खिडकीची जागा धरायचे. वीस वर्षं क्रेनवर. टनभराचा साचा माणसांमधून न्यायचे आणि कपबशी ठेवावी तसा अलगद उतरवायचे. त्यांना क्रेनवरून काढून स्टोअरच्या काउंटरवर बसवलं होतं. त्यांनी शिरूरला जाऊन डोळे दाखवले. चष्मेवाल्यानं जवळचा नंबर दिला, त्या वयात कुणालाही लागतो तसा. मामांना वाटलं, खरंच दिसायचं कमी झालं.

"कम्प्युटर कशाला खोटं बोलंल, पोरी?" जीपमध्ये म्हणाले होते. "त्याचं काय म्या घोडं मारलंय?"

आणि मी, मोठी शहाणी, म्हणाले होते, "मामा, डोळ्यांची काळजी घ्या."

मी साहेबांना लॉग दाखवला. ते म्हणाले, "दुरुस्त करा. रिपोर्टात लाइन फॉल्ट लिहा. तुमचंही नाव नको, माझंही नको."

मी लिहिलं. अक्षर जरासुद्धा हललं नाही, याची आजही लाज वाटते.

मामांना पत्र गेलं, 'फेरविचारानंतर आपणांस पूर्ववत क्रेनवर घेण्यात येत आहे.' कारण काहीच नाही. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मामांनी ते घडी करून खिशात घातलं.

"न्हाई चढनार म्या. साहेबांनी दया केली, त्यांचं भलं हो. पर खाली मानसं असत्यात, पोरी. आता माझाच माझ्यावर भरवसा न्हाई."

एकच वाक्य बोलायचं होतं. मामा, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, चूक माझी आहे. जीपमध्ये गावची आठ माणसं होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. शिक्रापूर आलं, उतरले.

मामा पुढची चार वर्षं नटबोल्ट मोजत राहिले. क्रेनकडं मान वर करून बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांच्या निरोपसमारंभाच्या दिवशी, हार गळ्यात असतानाच, मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. रडत सांगितलं, जणू माझंच काही गेलं होतं.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चूक व्हय, हुती कुनाच्याबी हातनं," ते म्हणाले. "पर पत्र आलं तवा एवढं बोलली असतीस, तर चढलो असतो गं म्या."

नव्या प्रोग्रामरांना मी आजही बजावते. कॉल करायच्या आधी उत्तराची जागा पुसा. उत्तर आलं नाही तर थांबा, यादी अडली तर अडू द्या. कुणीतरी विचारतंच, "मॅडम, एवढं कडक कशाला?"

मी सांगते, एकदा लाइन फॉल्ट झाला होता.