बोर्डावरच्या बाईंना दुबईत भेटलो

ब्लॉगवरच्या मंडळींनो, नमस्कार! नाशिकच्या शिंदेकाकू, गुडघा काय म्हणतोय? देसाई सर, साखर आटोक्यात आहे ना? आणि मिरजेच्या सुमनताई, मोतीबिंदू काढल्यावर आता दिसतंय ना स्वच्छ? मी ठणठणीत. शारजाला लेकीकडे तीन आठवडे राहून आलो.

जायला मी कां-कूं करत होतो. पण नात इरा फोनवर म्हणाली, इल्दा मोरेनी दुबईत एका कार्यक्रमाला येणार आहेत. त्याच दिवशी माळ्यावरून बॅग काढली.

इचलकरंजीत मी सिनेमाचे बोर्ड रंगवायचो. इल्दाबाई इटलीच्या नटी. त्यांचे भुताटकीचे, तुरुंगाचे, जंगलातले स्वस्तातले सिनेमे आमच्याकडे सकाळच्या खेळाला लागायचे. एकात त्या गळ्यापर्यंत बटणं लावलेली डॉक्टरीण होत्या. थिएटरचे मालक म्हणाले, "कपडे उतरव, नाहीतर खुर्च्या रिकाम्या राहतील." मी बोर्डावर उतरवले. पोलिसांनी हरकत घेतली, तेव्हा मीच वर काळी कागदी पट्टी डकवली. गर्दी दुप्पट झाली! पोट भरलं, पण मनात कुसळ राहिलं. जमलं तर बाईंची माफी मागायची होती.

शारजाहून दुबईला जायचं तर लवकर निघा, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. इराला घेऊन निघालो, मीना बाजारात डोसा खाल्ला. मग एका दिरहममध्ये, म्हणजे पंचवीसेक रुपयांत, अब्रा नावाच्या लाकडी होडीने खाडी ओलांडली आणि पुढे टॅक्सी केली.

एका जुन्या गोदामाचं छोटं थिएटर केलं होतं. तिथे कळलं, की बाई धोबिणीची लेक. घोड्यावरून, गच्चीवरून उड्या स्वतः मारल्या, बरगड्या मोडून घेतल्या. चाळीसेक सिनेमे केले, पण एकातही त्यांचा स्वतःचा आवाज नाही! दरवेळी दुसऱ्याच बाईचा आवाज घातलेला. मग पडद्यावर त्यांचा एक सिनेमा लावून आवाज बंद केला आणि ऐंशीच्या घरातल्या बाई माइकशिवाय, स्वतःच्या आवाजात आपले संवाद बोलल्या. भाषा कळली नाही, पण अंगावर सर्रकन काटा आला.

मी उठलो.

"आजोबा, प्लीज, नॉट इन फ्रंट ऑफ एव्हरीवन!"

"यल्ला, चल. सांग त्यांना."

इराने लाजत सगळं इंग्रजीत सांगितलं. बाई बोलल्या तशी इरा माझ्याकडे वळली. "शी सेज, कपडे उतरवणारे प्रत्येक देशात होते. येऊन सांगणारे तुम्हीच फर्स्ट." बाईंनी मग विचारलं, डोळे कुठल्या रंगाचे काढले होते?

"निळे," मी म्हणालो. "आमच्याकडे फोटो काळेपांढरे यायचे."

बाईंनी चष्मा काढून चेहरा माझ्यापुढे आणला. "नीट बघा. आता पुन्हा काढा."

चिंचोक्यासारखे तपकिरी, चमकदार डोळे! हात जोडले गेले माझे.

परत येऊन महिना झाला. रोज सकाळी ब्रश घेऊन बसलो. डॉक्टरीणबाई पूर्ण झाल्या, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या. इराने फोटो इटलीला पाठवलाय, इथे खालीही लावलाय. तो जुना बोर्ड तुमच्यापैकी कोणीकोणी मान वळवून पाहिला होता, मला ठाऊक आहे. आता हा सरळ समोर उभं राहून बघा, आणि कसा वाटला ते लवकर लिहा. मला नाही, बाईंना लिहा. मी पोचवीन.