तिसऱ्यांदा विचारतील

इंग्लंडातल्या मेडनहेडच्या कर्णिकांकडे जेवायला जायचं तर आदल्या दिवशी उपास धरावा, असं तिथल्या मराठी मंडळातली माणसं म्हणायची. मीनाक्षीबाईंचा आग्रहच तसा. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून जिलबी सोडायच्या. शेजारची जेन पहिल्यांदा जेवायला आली, तेव्हा ती बिचारी ‘नो, थँक यू’ म्हणत राहिली आणि पुऱ्या खात राहिली. शेवटी नवऱ्याच्या, म्हणजे कॉलिनच्या, खांद्यावर हात टाकून घरी गेली.

‘अगं, या लोकांचं नाही म्हणजे नाहीच असतं,’ पद्माकररावांनी बायकोला समजावलं.

‘आणि तुमचं नाही म्हणजे काय असतं हो?’ मीनाक्षीबाई म्हणाल्या. ‘साधा चहा पाजायचा, तर तुमच्या तीनदा पाया पडावं लागतं.’

खोटं नव्हतं ते. पद्माकर कर्णिक मूळचे पेणचे. कुणाकडे गेलं आणि समोर लाडू आला, की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा, तोही अर्धा, हे आईने डोक्यात बसवलेलं. पहिल्या हाकेला हात पुढे करतो तो हावरट! इंग्लंडात चाळीस वर्षं काढली, लिफ्टच्या कंपनीत ड्रॉइंग्ज करत रिटायर झाले, पण हे काही सुटलं नाही. ऑफिसात कुणी चहा विचारला की ‘नो नो, आय अ‍ॅम फाइन’. विचारणारा खांदे उडवून निघून जायचा आणि हे दिवसभर कोरड्या घशाने बसायचे. घरी येऊन बायकोला सांगायचे, ‘काय माणसं आहेत! एकदा विचारून मोकळी.’ आता बोला!

मग मीनाक्षीबाईंना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. एखाद-दुसरा शब्द यायचा, तोही ओढून आणल्यासारखा. त्यांचा पलंग खाली फ्रंट रूममध्ये, खिडकीपाशी आला. सकाळी अंघोळ-पांघोळ करायला एक केअरर यायची. बाकी दिवसभर पद्माकरराव. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, केस विंचरणं. त्यात कधी कंटाळा नाही की कुरकुर नाही. पुढचं सगळं ऐकताना तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर या माणसावर उगाच अन्याय होईल.

त्या जानेवारीत रेड वॉर्निंग आली. बर्फ, वादळी वारा आणि त्यामागून हाडं गोठवणारी थंडी. लाइट जातील, रस्ते बंद होतील, घरात एकटी म्हातारी माणसं असतील तर त्यांच्याकडे लक्ष द्या, असं बातम्यांत सारखं सांगत होते. केअररने उद्या जमणार नाही म्हणून कळवलं. लीड्सहून वैभवीचा, मुलीचा, फोन आला.

‘बाबा, मी ड्राइव्ह करून येते.’

‘वेडी आहेस का? मोटरवेवर आत्ताच गाड्या अडकल्यात. तू मुळीच निघायचं नाहीस.’

‘मग जेनला आस्क करा ना. आईला कोल्ड सहन नाही होणार, डॉक्टर म्हणाला होता.’

‘आपण कशाला विचारायचं? चांगली माणसं आपणहून विचारतात.’

‘बाबा, प्लीज! जस्ट आस्क!’

फोन ठेवून पद्माकरराव तयारीला लागले. तयारी मात्र पक्की. बाहेरच्या नळाला फडकी गुंडाळली, दाराखालच्या फटीत जुने टॉवेल कोंबले, टॉर्च, सेल आणि मेणबत्त्या काढल्या, दोन थर्मास भरले. गरम पाण्याच्या पिशव्या, लोकरीचे मोजे, सासूबाईंनी शिवलेली गोधडी, सगळं पलंगापाशी आणलं. एकच दुखणं होतं. स्वयंपाकघरातला गॅस काढून वैभवीने हौसेने विजेची शेगडी बसवून दिली होती आणि हीटिंगही विजेशिवाय चालणारं नव्हतं. लाइट गेले की घोटभर पाणी तापवायचीही सोय नाही. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणून तर ते सकाळपासून शेजारच्या दाराकडे कान लावून होते.

आणि जेन आली की! बर्फाचे पहिले कण डोक्यावर घेऊन दारात उभी राहिली.

‘आम्ही रेडिंगला माझ्या बहिणीकडे चाललोय. तिच्याकडे लाकडाची शेगडी आहे, लाइट गेले तरी घर उबदार राहतं. लंच झालं की निघू. गाडीत जागा आहे. मीनाक्षीला कॉलिन अलगद उचलून बसवेल. तुम्ही दोघंही चला ना.’

याहून चांगलं आमंत्रण माणसाला कोण देणार? देव आणखी कुठल्या रूपात दारात यायचा? पद्माकररावांचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी येतंय की काय असं झालं. आणि तोंडातून काय निघालं?

‘नो नो जेन, वी आर फाइन. तुम्हाला उगाच त्रास कशाला.’

‘आर यू शुअर?’

हे दुसऱ्यांदा झालं. पद्माकरराव हसून म्हणाले, ‘अ‍ॅब्सोल्यूटली.’

आता फक्त एकदा, फक्त आणखी एकदा तिने ‘चला हो’ म्हणायचं होतं. त्यांनी दार तसंच उघडं धरून ठेवलं. पण जेनने मान डोलावली, काही लागलं तर फोन करा म्हणाली आणि गेली. तिने दोनदा विचारलं होतं आणि दोनदा उत्तर ऐकलं होतं. म्हाताऱ्याला आपल्याच घरात बरं वाटत असेल, जबरदस्ती कशाला, असंच तिला वाटलं असणार. तिचं काय चुकलं?

पलंगावरून मीनाक्षीबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डावा हात उचलला. ओठ बराच वेळ झटत राहिले.

‘जा...ऊ.’

‘जाऊ गं, जाऊ या. निघताना तिसऱ्यांदा विचारतील त्या. असं कुणी टाकून जातं का?’

आणि या भल्या गृहस्थाने बॅग भरायला घेतली! बायकोची औषधं, बदलायचे कपडे, पॅड्स, तिची नेहमीची उशी. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून पेणहून आलेल्या पोह्याच्या पापडांचं पाकीटही वर ठेवलं. मीनाक्षीबाईंना कोट चढवला, टोपी घातली, अंगावर जांभळी शाल लपेटली. स्वतः बूट घातले, मफलर गुंडाळला आणि बॅग पायाशी घेऊन खिडकीत बसले. बाहेर कॉलिन डिकीत सामान ठेवत होता. मीनाक्षीबाई टक लावून दाराकडे बघत होत्या.

गाडी सुरू झाली. पद्माकरराव उठले, दारापाशी गेले, कडीवर हात ठेवला. दार उघडून ‘थांबा, आम्ही येतो’ म्हणायचं, एवढंच. चार पावलांचं काम. पण नको म्हटलेल्या ताटाला आपणच कसा हात लावायचा? लाज आडवी आली, मेली. ते कडीवरचा हात काढून पुन्हा खिडकीत आले. जेनने काचेतून हात हलवला. यांनीही हलवला. वर हसलेसुद्धा!

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. ते मागे वळले तेव्हा मीनाक्षीबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पद्माकररावांना पहिल्यांदा भीती वाटली.

अंधारायच्या सुमारास लाइट गेले. हीटिंगची घरघर थांबली आणि वाऱ्याचा आवाज एकदम घरात शिरला. त्यांनी वीजवाल्यांच्या नंबरवर फोन लावला. फोनवरची मुलगी गोड होती. रस्ते बंद आहेत, सकाळपर्यंत दुरुस्ती कठीण आहे, म्हणाली. ‘घरात कुणी आजारी आहे का? मदत पाठवायला हवी आहे का?’ असं तिने नीट विचारलं.

पद्माकररावांनी पलंगाकडे बघितलं. आणि सवयीने, जन्माच्या सवयीने, म्हणाले, ‘वाइफ आजारी असते, पण वी आर मॅनेजिंग. आधी ज्यांना जास्त गरज आहे त्यांच्याकडे बघा.’

तिने थँक यू म्हणून फोन ठेवला. तीही तिसऱ्यांदा विचारायला थांबली नाही.

पिशव्या कोमट झाल्या, मग गार. थर्मासमधलं दूध चमच्याने पाजलं, त्यातलं बरंचसं गालावरूनच ओघळलं. मीनाक्षीबाई थरथरत होत्या, दात वाजत होते. पद्माकररावांनी आपला कोट काढून त्यांच्यावर घातला आणि गोधडीत शिरून त्यांना छातीशी धरलं. सासूबाई, पेण, पहिला बर्फ, जेनच्या पुऱ्या, आठवेल ते बोलत राहिले. हळूहळू थरथर थांबली. त्यांना वाटलं, आली बाई ऊब, लागला डोळा. थरथर थांबते ती ऊब आली म्हणूनच असं नसतं, गारठा फार आत पोहोचला की अंग थरथरायचंही सोडून देतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ‘झोप हो, झोप,’ ते म्हणाले आणि तिला जाग येऊ नये म्हणून हलले नाहीत.

सकाळी ऊन पडलं. असं लख्ख, जसं काही झालंच नाही. पद्माकररावांनी हाक मारली, ‘मीना.’ मग परत मारली. मग तिसऱ्यांदा मारली.

रस्ते मोकळे झाल्यावर वैभवी आली. बाबांनी नको म्हटलं तरी आपण निघालो का नाही, म्हणून ती स्वतःच्याच डोक्यात हात मारून घेत होती. जेन आणि कॉलिन आले. जेन रडून रडून लाल झाली होती. खिडकीपाशी बॅग अजून तशीच होती, वर पापडांचं पाकीट. ती बॅग बघून जेनने विचारलं, ‘हे काय?’ पद्माकररावांनी सांगितलं. ते सांगत होते, तशी ती भिंतीला टेकत टेकत खाली बसली.

‘पण तुम्ही फाइन आहोत म्हणाला होतात,’ ती म्हणाली. ‘मी दोनदा विचारलं, पद्माकर. तुम्ही नाही म्हणालात.’

‘हो,’ ते म्हणाले. ‘मीच नाही म्हणालो.’

मग जेन उठली. डोळे पुसत, काहीतरी करायचं म्हणून, तिने विचारलं, ‘तुमच्यासाठी चहा...’

‘येस,’ तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पद्माकरराव म्हणाले. ‘येस, प्लीज. येस.’

ती स्वयंपाकघरात गेली. पद्माकररावांनी रिकाम्या पलंगावरची उशी सारखी केली, तिच्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, ‘बघ मीना, विचारलं गं त्यांनी.’