बाबांचा डावा हात आणि बुरशीचा धागा

त्या दिवशी बाबांनी रबरी चेंडू पलंगाखाली सोडून दिला... पडला नव्हता, सोडलाच होता. स्मृती नगरातल्या आमच्या घरी, भर दुपारी. मी शाळेत शिकवून नुकतीच आले होते, चप्पलसुद्धा काढली नव्हती.

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं असतील. भिलाई तेव्हा मध्यप्रदेशातच होती. बाबांना लकव्याचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली होती. बोलणं मात्र शाबूत होतं, आणि तिखटही. डॉक्टरांनी बजावलं होतं... डावा हात आत्ता चालवला नाही, तर कायमचा तसाच राहील. म्हणून तो चेंडू. सकाळ-संध्याकाळ दाबायचा.

"मी काय लहान पोट्टं आहो का, चेंडू खेळाले?" बाबा म्हणायचे.

ज्या माणसाने राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीत उभं आयुष्य काढलं, त्याच्या हातात चेंडू देताना मलाही कसंतरीच व्हायचं. आई नव्हती. ह्यांच्या स्टील प्लांटमधल्या शिफ्ट. माझी सकाळची शाळा, मग बाबांची आंघोळ, जेवण, मालिश... कधी कधी गॅसवर दूध ठेवून मी नुसती बघत उभी राहायचे, आणि ते उतू गेल्यावरच कळायचं.

शाळेत मी मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे. म्हणजे त्यांच्यापेक्षा एक धडा पुढे असायचे, एवढंच. सरावासाठी सुपेल्याच्या बाजारातल्या एका दुकानातून जुना कॉम्प्युटर घरी आणला होता, काळ्या स्क्रीनवर फक्त हिरवी अक्षरं उमटवणारा.

त्या दुपारी चेंडू काढायला पलंगाखाली वाकले आणि तशीच फरशीवर बसून राहिले. फरशी गार होती. तिथेच सुचलं... बाबांसाठी एक खेळ करावा. रंग काय, एकच, हिरवा. मग जंगलच करू.

जंगल मला बाबांनीच दाखवलं होतं. पावसाळ्यात राजहऱ्याला सालवृक्षांच्या खाली फुटू निघायचे. मशरूमला तिकडे फुटू म्हणतात. बाबा काठीने माती उकरून आतले पांढरे धागे दाखवायचे. "हे बुरशीचे धागे, बेबी. फुटू वरतून दिसते, पण खरं काम हे खाली करून राह्यले. झाडाच्या मुळाशी याइचं देणंघेणं असते."

तर खेळ अगदी साधा. एका बाजूला मोठा सालवृक्ष, दुसऱ्या बाजूला सावलीत वाढणारं कोवळं रोप. मातीखालून, दगड चुकवत, बुरशीचा धागा झाडापासून रोपापर्यंत न्यायचा. पोचला की रोपाला पान फुटणार, वर एक फुटू उगवणार. उशीर झाला की रोप वाळणार. सगळी बटणं मी कीबोर्डच्या डाव्या बाजूची निवडली आणि अट घातली... फक्त डाव्या हाताने खेळायचं.

पहिल्याच दिवशी, बाबांचं बोट बटणापर्यंत पोचायच्या आत रोप वाळलं. दुसऱ्यांदाही तेच. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बंद कर वं. मेलं ते."

मी बंद केला नाही. खेळ हळू करायची एक युक्ती मला येत होती. प्रत्येक पावलाआधी कॉम्प्युटरला उगीचच आकडे मोजायला बसवायचं... मोजणं जितकं लांब, तितका खेळ संथ. बाबांच्या शेजारी बसूनच तो आकडा वाढवत वाढवत तीन हजारांवर नेला.

"आता कावून थांबला तो?"

"मोजतोय, बाबा."

"काय मोजून राह्यला?"

"काही नाही. नुसतंच."

"सरकारी दिसते," बाबा म्हणाले, आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले.

मग रोज दुपारी खेळ. मी बाजूला भाजी निवडत बसायचे. एखाद्या दिवशी रोपाला पान फुटायचं, एखाद्या दिवशी बोटं उचलायचीच नाहीत. असे महिने गेले. हातात फरक पडतोय की नाही, मला काही कळत नव्हतं. रोज बघणाऱ्याला दिसत नाही ते... आणि थकलेल्याला तर नाहीच.

एका रविवारी सहज मीच खेळायला बसले. धागा अर्ध्यावर पोचेपर्यंत रोप वाळलं! पुन्हा सुरू केला, पुन्हा वाळलं. वाटलं, मशीनच बिघडलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी कशाला हात लावू? मला तर त्याच्याकडे बघूनच करंट बसतो."

पलंगावरून आवाज आला, "मी केलं. लय हळू चालून राह्यला होता. तू आकडा बदलवत होती तवा पाह्यलं होतं न मी."

प्रोग्रॅम उघडून पाहिला. तीन हजारांच्या जागी आठशे. टाइप केलं असेल उजव्या हाताने, मी मनात म्हटलं... आणि मग लक्षात आलं. चालू खेळ थांबवल्याशिवाय तो आकडा दिसतच नाही. थांबवायचा तर कंट्रोल आणि ब्रेक ही दोन बटणं एकदम दाबायची. आमच्या त्या कीबोर्डवर एक अगदी डाव्या टोकाला, दुसरं पार उजवीकडे वर. एका हाताने जमत नाही ते. कुणालाच नाही.

"बाबा... थांबवला कसा?"

त्यांनी चादरीतून डावा हात बाहेर काढला. बोटं सावकाश उघडली आणि मिटली. "याच्यानं. सकाळपासून लागून होतो."

मी पदराने डोळे पुसले.

"रडू नको वं. हरली न? खेळता येत नाही, अन् बनवते म्हणे!"

कुकर लावायचा होता. बाबांच्या चहाची वेळ झाली होती. मी काहीच केलं नाही... आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. बाहेरून बटणांची टकटक ऐकू येत होती, मधेच बाबांची एक सणसणीत शिवी, मग पुन्हा टकटक. ती ऐकता ऐकता मला भर दिवसा झोप लागली. जाग आली तेव्हा दिवे लागले होते, आणि चहा ह्यांनी केला होता.

डॉक्टरांचे आभार मी तेव्हाच मानले. त्या झोपेसाठी कुणाचे मानायचे, ते मात्र अजून ठरलेलं नाही...