दुसरा कप

फुकट ते पौष्टिक, असं लोक गमतीनं म्हणतात. दाक्षायणीला मात्र हे फुकटचं पहिल्या दिवसापासूनच पचलं नव्हतं.

तिचं निम्मं आयुष्य एका वकिलाकडे टायपिंग करण्यात गेलं. वकील वारले, तेव्हा चाळिशी उलटलेल्या या बाईनं स्वतःचं ऑफिस काढायचं ठरवलं. दाखले, पेन्शन, ऑनलाइन अर्ज, असली कामं. पण साखर पेठेतल्या खोल्यांचं डिपॉझिट ऐकूनच तिचे डोळे पांढरे झाले. मग चन्नवीर मालकांनी आपल्या बंद पडलेल्या चादरीच्या कारखान्याची पुढची खोली देऊ केली. भाडं नाही, डिपॉझिट नाही.

"अक्का, तुमच्या शब्दाला पेठेत मान हाय," मालक म्हणाले. "मी आपला दुपारच्या चहाला येत जाईन. तेवढंच भाडं समजा की."

आणि ते रोज येत. रस्त्यावरून दिसतील असे दारातच खुर्ची टाकून बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत. समोरच्या टपरीवरून दोन कप येत. मालकांचं बोलणं गोड, पण येडूचा विषय निघाला की त्यांच्या आवाजाला धार यायची. येडू हा त्यांचाच जुना विणकर. बायकोसोबत मागच्या गल्लीकडच्या खोलीत राहायचा. मालकांना अख्खी जागा बिल्डरला विकायची होती, आणि हा एकटा हलत नव्हता. दाक्षायणी मान खाली घालून अर्ज टाइप करत राहायची. मिंधं माणूस दुसरं काय करणार?

त्या सोमवारी मालक आलेच नाहीत. चहा मात्र दोन कप आला.

"आज एकच हवा होता," ती म्हणाली.

"मालकांनी दोन सांगितल्यात," टपरीवाला खाली बघत म्हणाला आणि गेला.

त्याच दुपारी मागच्या गल्लीत येडूचं डोकं फुटलं. तो अजून शुद्धीवर नव्हता. मालकांनीच घातला घाव, असं त्याची बायको सावित्रम्मा रडून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मालक सकाळीच आले.

"अक्का, पोलीस विचारतील. काल मी हितंच चहा घेत होतो. टपरीवाला बी सांगंल, दोन कप दिले म्हणून."

इतके महिने तो चहा कशासाठी होता, हे दाक्षायणीला तेव्हा उमगलं. ही खोली गेली, तर दुसरी कुठली मिळणार होती तिला?

दुपारी हवालदार आले. मालकांचा ड्रायव्हर आधीपासूनच शटरच्या चौकटीला टेकून उभा होता.

"बाई, काल मालक इथं होते का?"

तिनं ड्रायव्हरकडे पाहिलं नाही.

"त्यांचा कप आला होता, साहेब. साय धरून तसाच गार झाला. प्यायला कुणी आलं न्हाई."

हवालदारांनी ते लिहून घेतलं, तिची सही घेतली आणि ते निघून गेले. ड्रायव्हर गेला नाही. त्यानं मालकांना फोन लावला, आणि बोलता बोलता शटर अर्धं खाली ओढलं.