हाकेच्या अंतरावर

“हे तुटलं, मंग?”

दोर, शीड, सुकाणू, होडीतल्या एकेका वस्तूला हात लावून काका हे विचारत. ‘मदत मागवू’ असं कुणी म्हणालं की हसत. “मदत येल रे. पण तवर?”

काका आमच्या वर्तकनगरच्या कारखान्यात फिटर होते. माणूस कोळ्याच्या घरातला, राहायला कोपरला, खाडीच्या काठी. ऐंशीच्या दशकात आम्ही काही हौशी कामगारांनी शिडाच्या चार होड्या जमवलेल्या. वर्षातून एकदा खाडीतून निघून खुल्या समुद्रातून मुरुड गाठायचं. त्याला आम्ही ऐटीत ‘रॅली’ म्हणायचो. कोण निघणार आणि कोण नाही, हे काका ठरवत.

पहिल्या वर्षी मी नवीकोरी लाइफ जॅकेटं घेऊन हजर. काकांनी ती नीट पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, “आता सुकाणू काढ नि परत बसव.” मला जमेना. “तू पुढच्या वर्षी,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. रजा वाया गेली. दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. मग एका रविवारी तेच घरी आले. “चल, शिकवतो.”

पुढच्या वर्षी निघालो. रेवदंड्याच्या पुढे, किनारा धूसर दिसत असताना, माझं सुकाणू खरंच तुटलं आणि वाहून गेलं. होडी लाटांना आडवी झाली. आम्ही तिघं होतो. मी मदतीचा नारिंगी झेंडा फडकवला. काकांची होडी वळून हाकेच्या अंतरावर आली.

“मानसं बरी हायत?”

“हो!”

“पानी भरतंय?”

“नाही!”

“मंग बांधा काहीतरी.”

मला त्यांचा भयंकर राग आला. मोठं शीड उतरवलं. वल्ह्याला होडीच्या तळाची फळी आवळून ते वल्हं सुकाणूच्या जागी मागे बांधलं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा टिकलं. दीड तास गेला. काका तेवढ्याच अंतरावर घिरट्या घालत राहिले. मुरुडला आम्ही आमच्या हातांनी लागलो.

तिथे त्यांच्या होडीतला सोबती मला बाजूला घेऊन म्हणाला, “दीड तास ओढायचा दोर हातात धरून उभा होता म्हातारा. बस म्हटलं तर बसेना. पानी भरतंय बोलला असतास, तर तिथंच फेकला असता.”

मी काकांकडे पाहिलं. ते माझी फळीची गाठ चाचपत होते. “बरी हाय,” एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक ऐकलेला कारखान्यात दुसरा कुणी असेल, असं मला वाटत नाही.

नव्वदनंतर निवृत्त होऊन ते अलिबागला लेकीकडे राहायला निघाले. मी खोपटच्या एसटी स्टँडवर पोचवायला गेलेलो. पत्र्याची जड पेटी ते एकटेच उचलत होते. मी हात पुढे केला, तसं त्यांनी नेहमीसारखं झिडकारलं. चार पावलं गेले, थांबले, धाप लागलेली.

“एक कडी तू धर,” ते म्हणाले.

बसच्या दारापर्यंत आम्ही ती पेटी दोघांनी नेली.