दुसरं बटण

आमच्या जाऊबाई शिवणकाम करायच्या आणि बोलायच्याही सुईसारख्याच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना भलतीच वचकून असायची. त्यात नवऱ्याच्या शर्टाचं दुसरं बटण लावताना त्यांचं तोंड ऐकावं! भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, इस्पितळात बॉयलर सांभाळायचे. वाफेच्या काट्यावर नजर ठेवून उभं राहायचं आणि बोटांनी दुसरं बटण पिळायचं, ही त्यांची खोड. आठवड्याला एक बटण गेलंच म्हणून समजा. "मी बटणांच्या कारखानदाराशीच लग्न करायला हवं होतं," जाऊबाई करवादायच्या आणि भाऊजी गालातल्या गालात हसायचे. काय दिवस होते ते! अजून आठवलं की जीव हळवा होतो.

मग साथ आली. इस्पितळाचं फाटक बंद झालं. सगळे कपडे वाफेवर उकळायचे, म्हणून भाऊजींना आतच मुक्काम पडला. चिठ्ठी बाहेर येऊ देत नव्हते आणि फोन तेव्हा आमच्याकडे नव्हताच. दर शनिवारी फाटकावर त्यांच्या कपड्यांचं गाठोडं मिळायचं, तेही उकळून, घडी घालून. जाऊबाई तिथंच शर्ट उलगडायच्या. दुसरं बटण नसायचं. "तोडलं बाई पुन्हा!" म्हणत नवीन बटण लावून शर्ट परत द्यायच्या आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायच्या.

पाचव्या शनिवारी बटण जागेवर होतं. मी आपली खुळ्यासारखी म्हणाले, "चला, सुटली एकदाची खोड!"

जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, हा शर्ट अंगात घातलेलाच नाही. ते आडवे पडलेत."

पहारेकरी म्हणाला, "बरे आहेत की!"

"बरे असते तर बटण तुटलं असतं!"

बाईचं डोकं फिरलंय असंच त्याला वाटलं असणार. पण त्या जागच्या हलेनात. शेवटी आतून नर्स आली आणि खाली बघत म्हणाली, "सहा दिवस ताप आहे. घरी कळवायचं नाही अशी शपथ घातलीय त्यांनी. हा न घातलेला शर्टही त्यांनीच पाठवायला सांगितला."

जाऊबाई चक्क ओरडल्या नाहीत. पिशवीतून सुई काढली, बटण उसवलं आणि दुहेरी दोऱ्यानं पुन्हा पक्कं शिवलं. "हाच शर्ट घाला त्यांना. म्हणावं, आता तोडून दाखवा."

पुढच्या शनिवारी बटण तसंच. त्याच्या पुढच्याही. घरात शिलाई मशीनचा आवाज बंद झाला. जाऊबाई माझ्यावर डाफरतसुद्धा नव्हत्या, त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

तिसऱ्या शनिवारी बटण नव्हतं. दोरा तुटला नाही म्हणून कापडासकट उपटलेलं! शर्ट छातीशी धरून जाऊबाई रस्त्यातच मटकन बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. मग नाक पुसत म्हणाल्या, "लबाड कुठले! मला फसवायला निघाले होते."

त्यानंतर भाऊजी सत्तावीस वर्षं जगले, बटणं तोडत. गेले ते म्हातारपणानं, झोपेत. मी धावत खोलीत गेले तर जाऊबाई उशाशी शांत बसल्या होत्या. मलाच हुंदका आवरेना. "काल तर चांगले बोलत होते हो! असं अचानक कसं?"

"अचानक नाही गं." त्यांनी भाऊजींच्या शर्टावरून हात फिरवला. "पंधरा दिवस झाले, बटण जागेवर आहे."